उजवा खांदा

पवित्र मिस्सामध्ये भाकर उंचावण्याचा क्षण आला की देवळातील सगळ्या नजरा धर्मगुरूच्या हातांकडे लागतात. इतकी वर्षे आम्ही हे हात उंचावत आलो. पण हात उचलायला खांदा लागतो, ही साधी गोष्ट कधी आमच्या ध्यानी आली नव्हती. गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी ती आली. भाकर छातीपर्यंत बिनबोभाट गेली. तेथून पुढे मात्र उजव्या खांद्यात कोणी दाभण खुपसावे तशी कळ उठली आणि हात तेथेच थबकला. चषकाच्या वेळी आम्ही सारा भार डाव्या हातावर घेतला. मिस्सा संपल्यावर नेहमी मागच्या बाकावर बसणारे एक वृद्ध गृहस्थ सॅक्रिस्टीत आले व म्हणाले, "फादर, आज आम्हांला ख्रिस्तशरीराचे दर्शनच झाले नाही."

आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पुढचे तीन महिने तशीच मारून नेली. बाम चोळला, तेल जिरवले, एका हाडवैद्याकडून दंड ओढून घेतला आणि त्या रात्री झोपेची आशा सोडली. या दुखण्याची खोड अशी की दिवसा ते एकवेळ विसरू देते, रात्री त्या कुशीवर वळू देत नाही. मिस्सावस्त्र डोक्यावरून घालताना आमची जी कवायत होई ती पाहून वेदीसेवक मुले तोंडावर हात धरू लागली. अखेर त्या मुलांपैकी एकाच्या आईनेच, "फादर, आता डॉक्टरांकडे जाता की मी रिक्षा आणू?" असे विचारले, तेव्हा आम्ही गेलो.

डॉक्टरांनी आधी आम्हांला स्वतः हात बाजूने वर न्यायला सांगितले. साधारण साठ अंशांपर्यंत तो गेला, तेथून एकशेवीस अंशांपर्यंत वेदनेचा टापू, त्यानंतर पुन्हा थोडा सुसह्य. मग त्यांनी आमचा हात आपल्या हाती घेऊन अलगद वर नेला, तर तो पूर्ण गेला! "सांधा धरलेला नाही फादर, दोष कंडरेत आहे," ते म्हणाले. सांधा आखडला, ज्याला लोक फ्रोझन शोल्डर म्हणतात, तर हात रुग्णालाही उचलत नाही आणि डॉक्टरालाही. मधुमेही माणसांत ते दुखणे अधिक आढळते. ही दोन दुखणी वेगळी आहेत हे आम्हांला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते, आणि तरीही आम्ही दोहोंवर सल्ला देत आलो होतो. त्याविषयी पुढे लिहायचेच आहे.

मांडीचे हाड खुब्याच्या खोल वाटीत बसलेले असते. खांद्याची वाटी मात्र वाटी कसली, बशीच. आणि त्या उथळ बशीवर दंडाच्या हाडाचे वाटोळे डोके टेकलेले. हात चहूकडे फिरावा म्हणून निर्मात्याने ही मोकळीक ठेवली. ते डोके बशीवरून घसरू नये म्हणून फऱ्याच्या हाडावरून चार स्नायू निघतात: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. त्यांच्या कंडरा एकमेकींत मिसळून, सदऱ्याच्या बाहीला कफ असावा तशा हाडाच्या डोक्याभोवती गुंडाळल्या जातात. यालाच रोटेटर कफ म्हणतात. यांतील पहिल्या स्नायूची कंडरा खांद्याच्या टोकावरील हाडाच्या छपराखालून जाते. मध्ये स्निग्ध द्रवाची एक पातळ पिशवी, एवढाच काय तो आडपडदा. सर्वांत जास्त फाटते ती हीच कंडरा.

ती का फाटते? कधी अपघाताने: शेवाळावर पाय घसरला, माणूस हातावर आपटला किंवा वजनदार वस्तू एकदम सावरायला गेला. पण पुष्कळदा कोणताही अपघात आठवत नाही. रहाटाचा दोर जसा काठाला घासून बाहेरून झिजतो आणि जुना झाल्यामुळे आतूनही विरतो, तसे दोन्ही बाजूंनी हे घडते. चाळिशीनंतर कंडरेचे धागे विरू लागतात. धूम्रपान व मधुमेह त्यांची भरून येण्याची शक्ती कमी करतात. आणि खांद्याच्या वर हात धरून वर्षानुवर्षे केलेले काम त्यात भर घालते. आमच्या धर्मग्रामात अशी कामे थोडी नाहीत. छताला रंग देणारे, नारळ उतरवणारे, होडीत जाळे ओढणारे, भाजीची पाटी डोक्यावर चढवून पहाटेची गाडी पकडणाऱ्या आमच्या भगिनी. त्यांच्यापुढे आमचा कष्टाचा वाटा तो काय! पण वय कोणाचीही वशिलेबाजी मानत नाही.

एमआरआयच्या चित्रात सुप्रास्पायनेटसची कंडरा अर्धवट फाटलेली दिसली. 'फाटली' हा शब्द ऐकताच आम्ही मनोमन शस्त्रक्रियेची तारीख, बदली धर्मगुरू आणि सणाची नोव्हेना यांची जुळवाजुळव करू लागलो. डॉक्टर हसले. त्यांनी सांगितलेली गोष्ट वाचकांनीही लक्षात ठेवावी. १९९५ साली अमेरिकेत ज्यांचा खांदा मुळीच दुखत नव्हता अशा ९६ माणसांची एमआरआय तपासणी झाली. त्यांतील ३४ टक्के लोकांची कंडरा कमीअधिक फाटलेली निघाली. साठीपुढच्यांत तर हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे चित्रात दिसणारी प्रत्येक चीर दुखतेच असे नाही आणि दुखणारी प्रत्येक चीर शिवायची असते असेही नाही. त्याच देशात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, अपघाताशिवाय कंडरा आरपार फाटलेल्या ४५२ रुग्णांना आधी व्यायामोपचार देण्यात आले. दोन वर्षांत त्यांतील चारांत एकाहूनही कमी जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली.

तेव्हा आम्हांला मिळाले ते वेदनाशामक गोळ्यांचे थोडे दिवस, एक इंजेक्शन आणि फिजिओथेरपिस्टच्या नावाची चिठ्ठी. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे उतार पडतो, पण ते कंडरा जोडत नाही. मधुमेही माणसाची साखर त्याने काही दिवस वर जाते, म्हणून ते पुन्हा पुन्हा मागू नये, हेही डॉक्टरांनी बजावले.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे आम्हीच जिला दृढीकरणाच्या धर्मशिक्षणात पाठ चुकल्याबद्दल उभी केली होती ती मुलगी. तिने परतफेड केली नाही असे आम्ही म्हणणार नाही. "फादर, टेबलावर डावा हात टेका, वाका, उजवा हात सैल सोडा आणि घंटेच्या लोलकासारखा हलू द्या. तुम्ही हलवायचा नाही, हलू द्यायचा." हे हलू देणे आम्हांला आठवडाभर जमले नाही. मग भिंतीवर बोटांची पावले चालवणे; दाराच्या वर अडकवलेल्या कप्पीवरून दोर घेऊन डाव्या हाताने उजवा हात वर ओढणे; काठी दोन्ही हातांत धरून वर नेणे; खांद्याची फरी मागे जवळ आणून धरणे; आणि सहाव्या आठवड्यापासून रबराची पट्टी खिडकीच्या गजाला बांधून कोपर कुशीला चिकटवून ओढणे. दिवसातून दोनदा, वीस मिनिटे. रात्री दंडाखाली उशी. तिचा नियम असा: व्यायामात थोडे दुखले तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत दुखत राहिले तर आदल्या दिवशी अति झाले असे समजावे.

भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. काही आठवडे खूण बोटभरही सरकली नाही, एका आठवड्यात खाली आली. त्या दिवसांत मिस्साच्या वेळी भाकर उंचावताना आमच्या साहाय्यक धर्मगुरूंनी शेजारी उभे राहून उजव्या कोपराला हात द्यावा, असे त्यांनीच सुचवले. निर्गमाच्या सतराव्या अध्यायावर आम्ही किती प्रवचने केली असतील! रफीदिम येथे अमालेकी लोकांशी लढाई चालू असता मोशेचे हात जड झाले, तेव्हा त्याला धोंड्यावर बसवून अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते सूर्यास्तापर्यंत सावरून धरले. प्रवचनात आम्ही नेहमी श्रोत्यांना अहरोन व्हायला सांगत असू. मोशे होणे किती अवघड आहे, हे साहाय्यकाचा तळहात कोपराला लागला तेव्हा समजले. पहिल्या दिवशी आमचे कान तापले होते.

ते लोलकासारखे हात हलवणे, त्याला 'कॉडमनचा व्यायाम' म्हणतात असे त्या मुलीने सांगितले. नाव ऐकले की माणूस शोधायचा, ही सेमिनरीत लागलेली सवय. अर्नेस्ट अमोरी कॉडमन (१८६९–१९४०) हे अमेरिकेतील बॉस्टनचे शल्यविशारद. फाटलेली सुप्रास्पायनेटस कंडरा शिवल्याचा वृत्तान्त त्यांनी १९११ साली प्रसिद्ध केला; १९३४ साली खांद्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. पण आमची झोप उडवली ती त्यांच्या दुसऱ्याच एका हट्टाने. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवावे, त्याच्यावर काय उपचार केले ते लिहावे, वर्षाने त्याला पुन्हा बोलावून अखेर काय निष्पन्न झाले ते पाहावे, आणि बरे वाटले नसेल तर का नाही ते लिहावे. तेही लोकांपुढे ठेवावे. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात आपल्या १२३ चुका नोंदवल्या. १९१५ साली भर वैद्यकसभेत त्यांनी एक व्यंगचित्र उलगडले: वाळूत डोके खुपसलेले शहामृग डॉक्टरांसाठी सोन्याची अंडी देत आहे. त्या सभेतील पद त्यांना सोडावे लागले. अशा माणसाचे असेच होणार.

एकशेतेवीस चुका! आम्ही कार्डे ठेवली असती तर? भिंतीवर बोटे चालवता चालवता हा प्रश्न मनात आला आणि त्याच्यामागोमाग एक चेहरा आला.

पाच-सहा वर्षांपूर्वी भाजी विकणाऱ्या एक मावशी रविवारच्या मिस्सानंतर आमच्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. रेल्वेच्या पुलावर पाय घसरून त्या पडल्या होत्या, पाटी सांडली होती, आणि त्या दिवसापासून उजवा हात उचलत नव्हता. "फादर, हात ठेवा," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही हात ठेवला, प्रार्थना केली, आपली वेदना ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडा असे सांगितले आणि एका तेलाचे नावही सुचवले. मावशी समाधानाने गेल्या. पुढे काय झाले हे आम्ही कधी विचारले नाही. त्या देवळात येत होत्या, हसत होत्या, ख्रिस्तशरीर जिभेवर घेत होत्या. हातात का घेत नाहीत, हे आमच्या लक्षात यायला नको होते काय?

आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्या डाव्या हाताने भात ढवळत होत्या. केस सून विंचरून देते, असे सुनेनेच सांगितले. आम्ही त्यांना आमच्याच डॉक्टरांकडे नेले. कंडरा आरपार तुटलेली होती, तुटलेले टोक मागे आखडून गेले होते आणि स्नायूच्या जागी चरबी भरली होती. पडल्यावर हात उचलेनासा झाला तर काही आठवड्यांच्या आत दाखवावे, कारण अशा वेळी लवकर शिवलेली कंडरा चांगली जोडण्याची शक्यता असते, असे डॉक्टर म्हणाले. शिवल्यावरही चार ते सहा आठवडे हात झोळीत, साधारण तीन महिन्यांनी ताकदीचा व्यायाम आणि पूर्ण बरे वाटायला सहा महिने ते वर्ष. मावशींच्या बाबतीत ती वेळ केव्हाच टळली होती. डॉक्टरांनी हे सारे शांतपणे सांगितले. आम्ही त्यांना कोणाच्या सल्ल्याने उशीर झाला ते सांगितले. परतताना रिक्षात मावशींचीही क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रार्थना केली होती ना फादर? त्या रात्री मला झोप लागली होती." यावर काय बोलावे ते आम्हांला सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

प्रार्थनेने काही होत नाही, असे आम्हांला म्हणायचे नाही; रुग्णांवर हात ठेवण्याची आज्ञा आम्हांला आहेच. पण हात ठेवल्यावर तो हात धरून डॉक्टरांच्या दारापर्यंत जायचे असते, ते आम्ही गाळले. खांदादुखीचे तर विशेष, कारण खांदा पुष्कळदा दुसऱ्याचे दुखणे बोलून दाखवतो. पित्ताशय बिघडले तर उजव्या खांद्यात कळ येते. डाव्या खांद्यात कळ येऊन छाती आवळली, घाम फुटला, दम लागला तर ते हृदय असू शकते. तेथे व्यायाम नाही, तेल नाही, धर्मगुरूही नंतर. आधी रुग्णालय.

आमचा हात आता वर जातो. पूर्ण नाही, पण मागच्या बाकावरच्या त्या गृहस्थांची तक्रार मिटली आहे. मावशी त्याच मुलीकडे जातात. तुटलेली कंडरा जुळणार नाही, पण बाकीच्या स्नायूंना आणि दंडावरील डेल्टॉइडला तिचे थोडे काम शिकवता येते. पाच महिन्यांत पाण्याचा पेला त्या उजव्या हाताने ओठांपर्यंत नेऊ लागल्या आहेत. केसांपर्यंत हात अजून पोहोचत नाही. 

सॅक्रिस्टीतल्या टेबलाच्या खणात आता एक वही आहे. जो कोणी दुखणे सांगून प्रार्थना मागतो त्याचे नाव, तारीख, आम्ही काय सांगितले आणि त्यापुढे एक मोकळा रकाना. महिनाअखेरीस आम्ही त्या रकान्यासाठी घरोघर जातो. काही जण आम्हांला पाहून गोंधळतात, काही चहा ठेवतात. एकाने तर, "फादर, मी अजून जिवंत आहे, मिस्साचे पैसे दिलेले नाहीत," असे दारातूनच ओरडून सांगितले. पहिल्या पानावरचा मावशींचा रकाना आम्ही पेन्सिलीने भरतो. येत्या मंगळवारी त्यांची तपासणी आहे. साडेनऊची रिक्षा सांगून ठेवली आहे.