पायावर बेतलेलं कापड

पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रांत माझी नजर आधी पायांकडे जाते. ऑर्व्हिएतोच्या कॅथीड्रलमध्ये सिन्योरेल्लीने 1499 ते 1504 या काळात रंगवलेल्या भिंतींवर घट्ट होज घातलेल्या तरुणांची गर्दी आहे. होज म्हणजे पायांचं वस्त्र, कमरेपासून पावलापर्यंत अंगासरशी बसलेलं. ते शिवलं जाई मागावरच्या लोकरी कापडातून.

सगळी करामत कात्रीच्या तिरपेपणात आहे. कापड ना उभ्या धाग्यात ताणतं, ना आडव्या. तेच उरेब धरलं की अंगाबरोबर वळायला लागतं. चुडीदार शिवणाऱ्या शिंप्याला हे सांगावं लागत नाही.

नाटकासाठी होज बेतताना मी आधी मांजरपाट घेते. नटाला उभं करायचं, उरेब तुकडा मांडीभोवती लपेटायचा आणि मागून टाचण्या लावत खाली यायचं. पोटरीपर्यंत काम सुखाचं. घोट्याशी हात थबकतो. घोटा बारीक, पण होज चढवताना टाच आत शिरायला हवी, आणि टाचेपासून पावलाच्या उंचवट्यापर्यंतचा घेर घोट्याहून कितीतरी मोठा. तिथे टेपेचा आकडा पुरत नाही. कापड किती देतंय हे ओढून, बोटांनीच जोखावं लागतं. शिवणही थोडी सैल हवी, नाहीतर नट खाली बसताच दोरा तुटतो. शेवटी कापड लोकरीचंच हवं, याबाबत मी हट्टी आहे. लोकर ताणते आणि पुन्हा जागेवर येते. सुती कापडाला गुडघ्यावर पोंगा येतो.

ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेसच्या दफनभूमीत 1921 साली मध्ययुगीन लोकरी कपडे सापडले, त्यांत होजही आहेत. साध्या वस्तीतल्या माणसांनी वापरलेले हे कपडे आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. राजेरजवाड्यांच्या मखमलीपेक्षा मला त्यांचंच मोल अधिक वाटतं.

इटलीतल्या त्या तरुणांचं होज वरच्या डबलेटला, म्हणजे अंगाबरोबरच्या जाकिटाला, बंदांनी बांधलेलं असे. उभं असताना ते झकास दिसतं, पण वाकलं की मागचे बंद जीव खातात. म्हणून तर त्या काळच्या चित्रांत राबणाऱ्या माणसांचे मागचे बंद सुटलेले दिसतात आणि फटीतून पांढरा सदरा डोकावतो. चित्रकारांनी ही फट झाकली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. माझ्याकडे नटाला वाकून, गुडघे टेकून, पायरी चढून दाखवावं लागतं. त्याआधी कापडाला कात्री लागत नाही. आणि रोमिओ-टायबॉल्टच्या द्वंद्वाआधी दोघांचेही मागचे बंद मी स्वतः सोडते.