जाता जाता दोन ओळी

शुक्रवार, रात्र

आज टर्मिनलला निरोप घ्यायला शिकवलं. लॉगिन शेल बंद होताना बॅश होम डिरेक्टरीतली 'डॉट बॅश लॉगआउट' फाइल वाचतो. तिथे एको करून दोन ओळी टाकल्या की झालं. पण उबुंटूवर त्या फाइलमध्ये स्क्रीन पुसायची आज्ञा आधीपासून असते. मागच्या माणसाचं काम पुढच्याला दिसू नये म्हणून. तेव्हा आपला मजकूर तिच्याखाली लिहायचा आणि त्यानंतर 'स्लीप 2' द्यायचा, नाहीतर वाचून होण्याआधीच लॉगिनची पाटी हजर.

डेस्कटॉपवर उघडलेल्या टर्मिनलमध्ये बहुधा लॉगिन शेल नसतोच. तिथे या फाइलला कुणी विचारत नाही. त्याऐवजी 'डॉट बॅशआरसी' फाइलमध्ये 'ट्रॅप' लावून एक्झिटला फंक्शन जोडायचं. मला हीच वाट जास्त आवडली.

खरी गंमत वेळेनुसार मजकूर बदलण्यात आहे. 'डेट'कडून तास मागितला की सकाळी आठला '08' येतो. शून्याने सुरू होणारा आकडा बॅश हिशेबात अष्टमान पद्धतीचा धरतो, आणि तिच्यात 8 हा अंकच नाही! म्हणजे सातपर्यंत सगळं सुरळीत, आठ-नऊला एरर, दहाला स्वारी पुन्हा ताळ्यावर. आकड्याआधी 10 आणि हॅश लिहिलं की तो मुकाट्याने दशमान मानतो. इतका विचित्र हट्ट मला तरी लोभस वाटतो.

'किल -9'ने मारलं तर मात्र ट्रॅपही चालत नाही. निरोपाबिरोपाला सवडच नाही.

रात्री अकरानंतरची ओळ ठेवली आहे : 'पुरे आता, झोपा.' स्वतःलाच अहोजाहो का केलं, कुणास ठाऊक.