दाद न देणारा शब्द

मोतीबिंदूनंतर बारीक टाइप झेपत नाही. म्हणून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकणारी भाची सुटीत पारगावला आली की ती कोश वाचते आणि मी अनुवाद सांगतो. यंदा आमचं गाडं अडलं ते 'रबेल'पाशी.

लॅटिनमध्ये 'बेल्लुम' म्हणजे युद्ध, 'रे' म्हणजे पुन्हा. एकदा नमवल्यावरही जो पुन्हा शस्त्र उचलतो, तो रबेल. पण फ्रेंच माणूस हाच शब्द विंचरून न बसणाऱ्या बटेला लावतो, चिवट खोकल्यालाही लावतो. खोकल्याचं सोपं आहे: 'औषधाला दाद न देणारा'. लढणाऱ्या माणसाचं काय करायचं?

बंडखोर मला नको. 'खोर' फारसीतला, मुळात खाणारा. लाचखोर, चहाडखोर, भांडखोर यांच्या पंगतीला बसवलं की बंडसुद्धा खोड वाटायला लागते. त्यात तिकीट कापलेल्या उमेदवारांनी तो शब्द पार झिजवलाय. आमच्या आंबेगावातल्या जांभोरीचा होनाजी केंगले १८७३च्या सुमारास सावकारांविरुद्ध उठला, १८७६मध्ये पकडला गेला. त्याला आणि रुसून अपक्ष अर्ज भरणाऱ्याला एकच शब्द? इंग्रजीवरून फ्रेंच पुस्तकं उतरवणारी मंडळी तो बिनदिक्कत वापरतात. त्यांच्या आवृत्त्या निघतात, माझे गठ्ठे पडून राहतात. माझ्या सोवळेपणात ही जळजळही आहे, हे नाकारत नाही.

दुसरी अडचण लिंगाची. रबेल बाईला आणि पुरुषाला सारखाच. हातातल्या कथेत निवेदक कोण, हे लेखकानं असेच शब्द निवडून झाकलंय. मराठीत 'मी ऐकतो' म्हटलं की बुवा, 'ऐकते' म्हटलं की बाई, झाकणार कसं? भाची म्हणाली, "मामा, नकार द्या ना. 'मी ऐकत नाही' यात कुठंय लिंग?"

खरंच की! 'करतो-करते' वेगळं, 'करत नाही' दोघांचं एकच. जन्मभर व्याकरणाच्या गप्पा मारल्या त्या मी, आणि हे दिसलं तिला. प्रस्तावनेत ही युक्ती स्वतःच्या नावावर खपवायचा मोह अजून सुटलेला नाही.

निवेदकाच्या तोंडी आता 'मी कुणाचं ऐकत नाही' एवढंच ठेवलंय. लढणाऱ्याची जागा मात्र रिकामी आहे. जांभोरी-आहुप्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात तिथं बसेल असा शब्द कुणी ऐकला असेल, तर जरूर कळवावा. पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही.