शेड बघायला लोक यायचे

परभणी-जिंतूर रस्त्यावर झरीत माझं शेळ्यांचं शेड उभं राहिलं, तेव्हा आजूबाजूच्या गावांतून लोक ते बघायला यायचे. सिमेंटचा कोबा, लोखंडी गव्हाणी, दारावर आजोबांच्या नावाची पाटी. शेळ्यांबद्दल फारसं कुणी विचारायचं नाही. ते बरंच होतं, कारण सांगण्यासारखं मला काही ठाऊक नव्हतं.

शेळ्या उस्मानाबादी. आपल्या मराठवाड्याचीच जात, काळीभोर, चरून जगणारी, जुळं देणारी. कागदावर माझा हिशेब चोख होता: गाभणकाळ ५ महिने, म्हणजे २ वर्षांत ३ वेतं, दर वेताला दोन करडं. या हिशेबात करडू मरत नव्हतं आणि शेळी भाकड राहत नव्हती. मजुरी वाचवायची म्हणून रानात सोडणं बंद केलं. बांधावर बाभळीच्या शेंगा फुकट गळत होत्या आणि मी पेंड विकत आणत होतो. हिंडणं थांबलं तशी खुरं झिजेनात. वाढून पुढे वळली, शेळ्या लंगडू लागल्या.

खरा दणका पुढेच होता. शेड अर्धं रिकामं दिसतं, म्हणून आठवडी बाजारातून स्वस्तातला लॉट उचलला. टेम्पोतून उतरवताना शेळ्या राखणारे मामा एकीजवळ थांबले.

"दादा, हिचं नाक बघा. ह्या समद्या वेगळ्या बांधू."

नाक वाहत होतं, डोळ्यांना चिपडं. मी म्हणालो, "रस्त्याची धूळ असेल मामा, घ्या आत." खरं तर वेगळं बांधायला जागाच नव्हती. एवढ्या मोठ्या आराखड्यात आजारी जनावराला कोपरा नव्हता, आणि आराखडा मीच काढला होता.

पीपीआर निघाला. ताप, तोंडात फोड, मग हगवण. करडं आधी गेली. त्याची लस असते, हे मला तेव्हा कळलं. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, झरीहून फार लांब नाही. तिथे मी पहिल्यांदा गेलो तो मेलेलं करडू पोत्यात घालून.

निम्मा कळप उरला. त्यातल्या कोणत्या विकाव्यात हे ठरवायला बसलो, तर कुठली किती वेळा व्याली हेच मला सांगता येईना. मामांना तोंडपाठ होतं. ही दोनदा गाभडली, हिला दूध नाही, ही ह्याच बोकडाची लेक आणि आता हाच तिला लागतोय. बोकड दिसायला देखणा, म्हणून मी बदललाच नव्हता. करडं खुरटी का, याचं उत्तर रोज माझ्यासमोर रुबाबात उभं असायचं.

मामा सांगत गेले, मी वहीत उतरवत गेलो. कानांत बिल्ले मारले, बोकड बदलला, भाकड शेळ्या काढल्या. कळप आणखी लहान झाला आणि पेंडीचे पैसे पहिल्यांदा करडांच्या विक्रीतून निघाले. आता दिवसा रान, रात्री शेड. नवीन जनावर २१ दिवस जाळीपलीकडे. बँकेचे हप्ते मात्र जुन्याच आकड्याचे होते. त्यांत दोन एकर गेले.

वहीत एका शेळीच्या पानावर अजून नुसता खर्चच आहे. तिचं नाव नातीने ठेवलंय. ती विकायचा विषय निघाला की मामासुद्धा बिडी ओढायला बाहेर जातात.