ऱ्हाईनकाठचे राघू

"मामा, मान वर करा," भाचा म्हणाला. फेब्रुवारीचा दिवस. नदीवरचा वारा कानटोपीला जुमानत नव्हता. फ्रँकफुर्टजवळच्या वीसबाडेन शहरात, ऱ्हाईनच्या काठी बीब्रिख राजवाड्याची बाग आहे. तिथल्या एका झाडाला पान म्हणून नव्हतं, आणि तरी ते हिरवं दिसत होतं. राघूच राघू!

आम्ही राणीसावरगावचे, गंगाखेड तालुक्यातले. राघू आम्हाला नवा नाही. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर चढून गोफण फिरवायची ती त्याच्यासाठीच. पण या थव्यात काही पक्षी भलतेच मोठे होते. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ दोन फूट, लालभडक जाड चोच, खांद्यावर तांबडा डाग. हा करण पोपट. लोक त्याला पहाडी पोपट म्हणतात. आजवर मी तो पाहिला होता पिंजऱ्यात. मोकळा उडताना पाहायला जर्मनी गाठावी लागली!

हे आले कुठून? पिंजऱ्यातून सुटलेले, सोडलेले. आपला साधा पोपट 1969 साली कोलोन शहरात घरटं करून राहिला. करण पोपटाने 1987च्या सुमारास या बागेत बिऱ्हाड थाटलं. हिवाळ्यात कळ्या, बिया, लोकांनी टांगलेले दाणे. घरट्याला जुन्या झाडांच्या ढोल्या. तक्रारी इथेही आहेत. घरं उबदार राहावीत म्हणून भिंतींना बाहेरून जे अस्तर लावतात, ते पोपट कोरतात. भाचा हसत म्हणाला, "भाडं न देता राहतात."

मला हसू आलं नाही. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत 2012पासून हाच करण पोपट 'संकटसमीप' आहे. आपल्याकडे ढोल्यांची जुनी झाडं तुटली, आणि उरलेल्या ढोल्यांतून पिल्लं काढून विकली गेली. मोठा, बोलका, म्हणून मागणी मोठी. 1972चा वन्यजीव कायदा आहे, देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. तरी पिंजरे ओसरीवर उघड टांगलेले असतात. बर्फ सोसणारा हा पक्षी नाजूक कसा म्हणावा? त्याला लागते एक ढोली, आणि तिच्यात हात न घालणारी माणसं.

इथले थवे कितीही वाढोत, लाल यादीच्या हिशोबात ते धरत नाहीत. पक्षी तरला की नाही, हे त्याच्या मूळ मुलखावरून ठरतं. म्हणजे श्रीलंकेपासून व्हिएतनामपर्यंतच्या पट्ट्यात, आणि त्यात आपणही आलो.

गावी गेल्यावर भावाला सांगणार आहे, बांधावरच्या पोकळ झाडाला कुऱ्हाड लावू नको. तो आधी विचारेल, "मग ज्वारी कोण राखणार?" त्याचं म्हणणं खोटं नाही. पण गोफणीने राघू उडतो. झाड तोडलं की तो येतच नाही.