एक हजार एकोणनव्वद

६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक असलेले चार सिलिंडर शेजारी शेजारी मांडले म्हणजे त्यांचे एकूण आकारमान १०८९ घन सेंटिमीटर भरते. हा हिशेब मला पाढ्यांबरोबरच पाठ झाला, कारण माझे वडील, ज्यांना आम्ही सारी भावंडे नाना म्हणत असू, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात टर्नर होते. सोलापूरच्या मातीतून वर आलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली जो उद्योग स्थापन केला, बंगलोरचा विमान-कारखाना आणि विशाखापट्टणमची गोदी यांच्या पाठोपाठ ज्याच्यावर त्यांनी आपली उमेद पणाला लावली, त्याच उद्योगाने पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून १९५४च्या सुमारास ११०० या गाडीची बांधणी कुर्ल्यात सुरू केली. ती गाडी आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ साली पद्मिनी झाली. अंगावरचे पत्रे आणि दिवे बदलत गेले, परंतु बॉनेटखाली १०८९चा तो आकडा जसाच्या तसा कायम राहिला.

आमचे बिऱ्हाड मरोळच्या गावठाणात, एका ईस्ट इंडियन कुटुंबाच्या कौलारू घराच्या मागल्या भागात होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि काही वर्षांतच भाताची खाचरे व ताडांच्या रांगा मागे हटून त्या जागी गाळ्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. शाळेत जाता-येता त्या गाळ्यांच्या उघड्या दारांतून लेथवर फिरणारे लोखंड, त्यातून सुटणारा निळसर, वळसेदार कीस आणि कटिंग ऑइलचा तो दुधाळ वास हे सारे इतक्या सहजपणे अंगवळणी पडले, की मुंबईच्या इतर भागांतली मुले या गोष्टींवाचून मोठी होतात हे कळले तेव्हा मला त्यांच्याविषयी मनापासून वाईट वाटले होते. घरमालक, ज्यांना आम्ही अंकल म्हणत असू, लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांची मागची पडवी, तिच्या तुळईला टांगलेली चेन-कप्पी आणि भिंतीवर मापानुसार मांडलेले पाने हे माझे पहिले विद्यालय होय.

ज्या कारखान्यात नाना गाडीचे भाग घडवीत त्या कारखान्याची गाडी घेणे त्या काळी आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनाही नाव नोंदवून वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागे. १९८०नंतर केव्हातरी अंधेरीच्या एका गृहस्थाने आपली जुनी, मुंबईत जिला सारे लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत त्या घडणीची गाडी भंगाराच्या भावात काढली आणि ती दोरीने ओढून आम्ही पडवीत आणली. इंजिन धुरकटलेले, ऑइल पिणारे, चढावर धापा टाकणारे असे होते. नानांचा विचार ते दुरुस्त करण्याचा होता; माझा मात्र, नुकत्याच यंत्रशास्त्राच्या पदविकेला बसलेल्या मुलाचा असावा तसा, त्याला शर्यतीचे बळ देण्याचा होता. या इच्छेला कारणीभूत झाले होते ते फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मिळालेले एक जुने परदेशी मासिक.

त्यात चिसितालिया नावाच्या छोट्याशा इटालियन कंपनीची हकीकत होती. युद्ध संपल्यानंतरच्या टंचाईच्या दिवसांत संस्थापक पिएरो दुझिओ यांनी तिच्यासाठी नवे यंत्र घडविण्याच्या भरीस न पडता फियाट ११००चेच साधे घरगुती इंजिन घेतले, त्याची मूळची ३२ अश्वशक्ती ५०च्या पुढे नेली आणि ते हलक्या, देखण्या सांगाड्यात बसविले. १९४७च्या मिले मिलिया शर्यतीत पन्नाशी उलटलेला, प्रकृतीने खचलेला ताझिओ नुवोलारी ही इवलीशी गाडी घेऊन तिच्या दुपटीहून मोठ्या इंजिनांच्या गाड्यांपुढे बराच काळ आघाडीवर राहिला, आणि पावसाच्या पाण्याने इग्निशन भिजले नसते तर बहुधा जिंकलाही असता; तो दुसरा आला. त्याच कंपनीच्या २०२ या गाडीला १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने प्रदर्शनात स्थान दिले. ते मासिक मी नानांना वाचून दाखविले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, “बोअर-स्ट्रोक काय दिलाय?” मी म्हणालो, “६८ आणि ७५.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या आकड्यांवर त्यांनी आपली उमर घालविली त्यांचे कूळ इतके थोर आहे, हे त्यांना प्रथमच समजत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून इंजिन उतरवायला घेतले.

सामान्य समज असा, की इंजिनाचे बळ वाढवायचे म्हणजे त्यात काहीतरी मोठे, महाग आणि चकचकीत बसवायचे. वस्तुतः बोअर १ मिलिमीटरने वाढविला तरी आकारमानात अवघ्या ३२ घन सेंटिमीटरची भर पडते, आणि सिलिंडरची भिंत मात्र कायमची पातळ होते. म्हणून नानांनी झीज निघेल तेवढेच बोअरिंग करायचे ठरविले. बळ शोधायचे होते ते अन्यत्र, म्हणजे जिथे कारखान्याला वेळ देता आला नव्हता तिथे. हजारो इंजिने मुदतीत बाहेर काढणाऱ्या कारखान्याला प्रत्येक मापात थोडी सूट ठेवावीच लागते. त्यात कारागिराचा कसूर नसतो. घरी मात्र एकच इंजिन असते आणि रविवार कितीही असतात. घरच्या पडवीत कारखान्यापेक्षा सरस काम होऊ शकते ते एवढ्या एकाच भांडवलावर, आणि हे भांडवल नाना ओळखून होते.

चारही पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड आम्ही मरोळ नाक्याच्या एका सराफाकडे नेऊन त्याच्या तराजूवर तोलले. सर्वांत हलका रॉड कोणता हे ठरवून बाकीच्या तिघांचा धातू, जिथे ताण कमी तिथून, कानशीने इतका जपून उतरविला की चौघांत ग्रॅमचाही फरक उरू नये. वेगाने फिरताना हाच फरक क्रँकशाफ्टला हादरे देतो आणि तिच्या तीन मेन बेअरिंगांवर व्यर्थ भार घालतो. मग हेडकडे वळलो. प्रत्येक सिलिंडर सुमारे २७२ घन सेंटिमीटरचा; तेव्हा ९ला १ असे कॉम्प्रेशन हवे तर पिस्टन वर असताना त्याच्या माथ्यावर, गॅस्केटची जाडी धरून, ३४ घन सेंटिमीटरचीच पोकळी उरली पाहिजे. व्हॉल्व बसवून, प्लग लावून, हेड उलटे ठेवून त्यावर भोक पाडलेली काच चिकटवायची आणि ब्युरेटमधून रॉकेल थेंबाथेंबाने सोडून पोकळी मोजायची. चारही पोकळ्या निराळ्या निघाल्या. त्या आधी सारख्या केल्या आणि मगच हेड फेसिंगला, जवळच्याच एका गाळ्यात, दिले.

हवा आत येण्याच्या वाटेला मी सर्वांत अधिक वेळ दिला. मिनिटाला ५००० फेरे होत असता प्रत्येक सिलिंडर सेकंदात चाळिसाहून अधिक वेळा हवा ओढतो; त्या निमिषमात्र अवधीत मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यावर एखादी पायरी आडवी आली तर हवेचा ओघ तिथेच मोडतो. गॅस्केटचा छाप दोन्ही बाजूंना उमटवून, पायरी घासून काढून ती वाट एकसंध केली. आरशासारखी चकाकी मात्र आणली नाही, कारण पेट्रोलचे कण हवेत मिसळून राहण्यास इनटेकच्या बाजूला थोडा खरखरीतपणा उपकारक ठरतो. व्हॉल्व पेस्ट लावून हाताने घोटले. सोलेक्स कार्ब्युरेटरचे जेट कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवरील जुन्या सामानाच्या दुकानांत धुंडाळून, बदलून बदलून पाहिले. शेवटी १-३-४-२ या क्रमाने प्लगच्या वायरी जोडल्या आणि पॉइंटचे अंतर फीलर गेजने लावले.

एक गोष्ट नानांनी इंजिन उतरविण्याच्याही आधी करून घेतली होती. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. त्यांचे लायनर, सिलिंडर आणि नळ्या नव्या घातल्याखेरीज इंजिनाला हात लावू देणार नाही असे त्यांनी मला निक्षून सांगितले होते. आज तरुणांनी घरी बळ वाढविलेल्या गाड्या पाहतो तेव्हा मी प्रथम वाकून चाकांकडे बघतो, आणि पुष्कळदा मन चरकते. कायद्याचेही असेच. नोंदणीच्या दाखल्यात इंजिन क्रमांक आणि क्षमता लिहिलेली असते. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या ५२व्या कलमान्वये त्या तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई आहे, आणि इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयात अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. आमच्या पद्धतीत दाखल्यावरचे एक अक्षरही खोटे ठरत नव्हते, याचे नानांना मोठे समाधान होते.

मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती होत असत. ती गाडी मी तिथे उतरविली नाही. प्रेक्षक म्हणून गेलो आणि घरगुती फियाट ११००च्या रांगा तिथे गर्जत धावताना पाहून आलो. आमची शर्यत खंडाळ्याच्या घाटाशी होती. पूर्वी ज्या चढाच्या वळणांवर रेडिएटर उकळून दगड लावून थांबावे लागे, तो चढ नानांना शेजारी बसवून मी न थांबता चढून गेलो; त्यांनी वाटेत एकदाच, तिसऱ्या गिअरवरच्या आवाजाकडे कान देऊन, “सारखं चाललंय,” एवढे म्हटले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मरोळवरून कुर्ल्याकडे जाणारी मिठी पात्राबाहेर पडली, तेव्हा गाडी बॉनेटपर्यंत बुडाली. नाना तेव्हा हयात नव्हते, पण त्यांची शिस्त होती. पाणी दाबले जात नाही. बुडालेले इंजिन स्टार्टरने फिरविले तर रॉड वाकतात. म्हणून आधी बॅटरी सोडली, प्लग काढले, हँडलने एकेक फेरा देऊन पाणी बाहेर घालविले, सिलिंडरांत ऑइल ओतले आणि इंजिनाच्या तळाचा ऑइल-संप उघडला. ऑइलच्या तळाशी बसलेले गढूळ पाणी आधी वाहून गेले. मग साऱ्याच जोडण्या पुन्हा उकलल्या. या खेपेला माझी मुलगी ब्युरेट धरून बसली होती.

आता मरोळ नाक्यावर दोन मेट्रोंची स्थानके आहेत, गाळ्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत, आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी उरलेली नाही. भंगारात गेलेल्या प्रत्येक टॅक्सीबरोबर त्या वंशातले एकेक इंजिन वितळले, याची खंत मला आहे आणि ती मी लपवीत नाही.

म्हणून ज्यांच्या अंगणात, गोठ्यात वा इमारतीखाली अशी एखादी गाडी आच्छादनाखाली पडून असेल त्यांना माझी विनंती आहे, की अल्युमिनियमचे हेड भंगाराच्या काट्यावर घालण्यापूर्वी क्रँकशाफ्टच्या जर्नलांचे माप एकदा मायक्रोमीटरने घेऊन पाहावे. इंचाच्या १०, २० किंवा ३० हजारांशांनी ग्राइंड होण्याजोगी ती असेल तर इंजिन मेलेले नाही. हे काम जाणणारे वयस्क टर्नर मरोळ आणि साकी नाक्याच्या उरलेल्या गाळ्यांत अद्याप आहेत. त्यांच्याकडे जावे, आणि जाताना घरच्या मुलामुलींना बरोबर न्यावे.