दुधाचे दात आणि दुधाळ कणीस

केनिया आणि टांझानियाच्या रस्त्यांवर कोळशावर भाजून, लिंबू-तिखट-मीठ चोळून विकल्या जाणाऱ्या मक्याच्या कणसाला स्वाहिली भाषेत ‘महिंदी चोमा’ म्हणतात. ‘चोमा’ म्हणजे भाजणे. ‘महिंदी’ हा मक्यासाठीचा शब्द मात्र हिंदुस्थानच्या नावावरून आलेला असल्याने, पावसाळी संध्याकाळी सक्करदरा तलावाच्या बाजूला भुट्टा खाणाऱ्या नागपूरकराला हे कळल्यावर थोडी ऐट आल्यास नवल नाही. ही ऐट फुकाची आहे. मका मूळचा मेक्सिकोचा, तेथे सुमारे 9,000 वर्षांपूर्वी शेतात आलेला आणि 1492 नंतर युरोपीय जहाजांतून जगभर पोहोचलेला. इटलीत त्याला ‘ग्रानोतुर्को’, म्हणजे तुर्कांचे धान्य, हे नाव पडले, त्यामुळे हे पाहुणे धान्य ज्याने त्याने भलत्याच्याच खात्यावर मांडले असे म्हणावे लागते. स्वाहिलीत ‘मकाआ’ म्हणजे कोळसा, तेव्हा मोम्बासात मका मागणाऱ्या मराठी माणसाच्या हाती कणसाऐवजी सिगडीचे इंधन पडायचे.

सक्करदऱ्यात वाढलेल्या माणसाला स्वतःच्या पैशाचा पहिला भुट्टा बहुधा तान्ह्या पोळ्याला मिळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी लाकडी बैल सजवून मिरवायचे, ही नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली रीत असून, त्या निमित्ताने मुलांच्या हातावर घरोघरी जे पैसे ठेवले जातात त्यांना ‘बोजारा’ म्हणतात. हा बोजारा संध्याकाळपर्यंत सिगडीवालीच्या डब्यात जातो. पंचाईत एवढीच की सहा-सात वर्षांच्या त्याच वयात पुढचे दुधाचे दात पडलेले असतात, आणि कणीस जबड्याच्या कोपऱ्यात खुपसून खाण्याची कसरत जमली नाही की अखेर आजी दाणे सोडवून तळहातावर देते.

थोडे मोठेपण आले की बुधवार बाजारात आईबरोबर कणीस निवडण्याचे शिक्षण सुरू होते. वरची पाने किंचित बाजूला करून दाण्यात नख रुतवायचे. पांढरा चीक उडाला तर कणीस दुधाळ, म्हणजे भाजण्याजोगे, आणि नखच अडले तर ते जून, कारण तोपर्यंत दाण्यातील साखरेचे पिठूळ स्टार्च झालेले असते. कणसाच्या टोकाला लोंबणारे केस फेकून देण्यापूर्वी न्याहाळण्यासारखे असतात, कारण त्यातील प्रत्येक केस एकेका दाण्याच्या जागेपर्यंत गेलेला असतो आणि त्याच्यावाटे तुऱ्यातील पराग पोहोचला नाही तर तेवढ्याच जागी कणीस बोळके राहते. दाण्यांच्या ओळी मोजल्या तर त्या सम संख्येतच भरतात, हे मात्र भूक असताना कोणी मोजत नाही.

तरुणपणी भुट्टा मधोमध मोडून दोघांत खाल्ला जातो, आणि ज्याच्याकडे देठाचा अर्धा येतो त्याला चांगले दाणे अधिक मिळतात. मैत्रीची परीक्षा याहून स्वस्तात होत नसावी. सिगडीवाली पुठ्ठ्याने वारा घालते, ठिणग्या उडतात, अर्धे लिंबू तिखट-मिठात बुडवून ती काळवंडलेल्या दाण्यांवरून असे फिरवते की रस ओळींच्या फटीत उतरतो. पुढे पगार सुरू झाल्यावर मॉलमध्ये कागदी पेल्यातून चमच्याने खाण्याचे, लोणी घातलेले स्वीट कॉर्न येते. आनुवंशिक बदलामुळे या जातीच्या दाण्यात साखर टिकून राहते, म्हणून ते गोड लागते, परंतु गोडीपलीकडे त्याला सांगण्यासारखे काही नाही. धूर नाही, करप नाही, दातांना कामही नाही.

‘दात आहेत तर चणे नाहीत’ ही म्हण भुट्ट्याला अर्धीच लागू पडते, कारण खिसा सहसा आड येत नाही, आड येतात ते दातच. कवळी बसवलेला माणूस सिगडीपाशी थांबतो, वास घेतो, नातवासाठी एक भुट्टा बांधून घेतो आणि घरी आल्यावर आपल्यासाठी कोणीतरी दाणे सोडवील म्हणून गप्प बसून राहतो. अशा माणसासाठी आधी एक उभी ओळ नखाने, दाणा दाणा करून काढावी, आणि मग शेजारच्या ओळीवर अंगठा ठेवून ती त्या रिकाम्या चरात आडवी करावी, म्हणजे अख्खी ओळ न फुटता सुटून येते.